उजव्या पायाचा हिशेब

मित्रांनो, सायकलच्या दुकानात जाऊन पायडलाची दांडी मागितलीत, तर दुकानदार आधी विचारेल, डावी की उजवी? मी डावी. आता मी जुनी झाले आहे. माझ्या अंगावरचा काळा रंग बुटाच्या टाचेने घासून घासून निघून गेला आहे. सध्या माझा मुक्काम एका पाट्या रंगवणाऱ्याच्या टेबलाच्या खणात, सुकलेल्या ब्रशांच्या शेजारी आहे. पण एके काळी या घरात माझा शब्द शेवटचा मानला जाई. माझ्या मनात खंत आहे ती त्याच दिवसांची.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही दोघी जुळ्या बहिणी. उजवीच्या नशिबी दातेरी चाक आलं. साखळी ओढण्याचं काम तिचं. माझ्या पाठीवर मात्र एका बाईने चिमट्याने धरून केसासारखी बारीक पट्टी चिकटवली. पायाने दाबलं की मी किंचित वाकते. डोळ्याला ते दिसायचं नाही, पण पट्टीला कळतं. मग बटणाएवढ्या सेलवर चालणारं माझं छोटं यंत्र हँडलवरच्या पडद्याला निरोप धाडतं, आणि पडद्यावर आकडा उमटतो, की या माणसाने आत्ता एवढा जोर लावला.

उजवीच्या पाठीवर पट्टी लावली नाही. दोघींना लावली की जोडी महाग होते आणि गिऱ्हाईक हात आखडतं. म्हणून तिथल्या शहाण्यांनी एक तोड काढली. डाव्या पायाचा जोर मोजायचा आणि त्याची दुप्पट करून सांगायची. माणसाला दोन पाय असतात आणि दोन्ही सारखेच राबतात, असा त्यांचा अंदाज. खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरांत तसं छापलेलंही होतं. तो कागद वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मिरवायला झालं. ओझं बहिणीने ओढायचं आणि दोघींच्या वतीने बोलायचं मी.

मला विकत घेतलं ते ट्रेव्हर गार्थवेट नावाच्या माणसाने. यॉर्कशरमधलं होल्डरबी हे त्याचं गाव. पंचावन्न वर्षांचा, उंच, मिशीला नेहमी कुठला तरी रंग लागलेला. गावातल्या खाटकाची, न्हाव्याची, दारूच्या गुत्त्याची, सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या. आठवडाभर शिडीवर आणि रविवारी सकाळी सायकलवर, असा त्याचा रिवाज.

रविवारी तिथे घड्याळाची शर्यत असते. एकेक सायकलवाला एकेका मिनिटाच्या अंतराने सुटतो. जाऊन-येऊन पंचवीस मैल. पुढच्याच्या आडोशाला राहायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आपण आणि घड्याळ. रांगेत सुटणारे हे लोक काही मोठे खेळाडू नसतात. पोस्टमन, मास्तर, दंतवैद्य, असलेच. पण या पंचवीस मैलांना एक तासाच्या आत आणणं हे त्यांच्यातल्या प्रत्येकाचं स्वप्न. काहीजण त्यापायी बायकोचा वाढदिवस विसरतात.

होल्डरबीच्या मंडळाची एक खास रीत होती. गावाच्या सभागृहात, चहाच्या खिडकीवर, एक ओक लाकडाचा फळा होता. मंडळाच्या स्वतःच्या रस्त्यावर जो तासाच्या आत येईल त्याचं नाव त्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत रंगवायचं. दुसऱ्या कुठल्या सपाट, सोप्या रस्त्यावर जाऊन पराक्रम केला तर तो चालायचा नाही. आणि ती नावं गेली बावीस वर्षं ट्रेव्हर रंगवत होता. फुकट, मन लावून, प्रत्येक अक्षराला सोन्याचा वर्ख देऊन. त्यात त्याचं स्वतःचं नाव नव्हतं. त्याची सगळ्यात चांगली वेळ होती एक तास आणि चाळीस सेकंद.

"फळ्याला सगळ्यात जास्त वेळा हात लागलाय तो तुझा, ट्रेव्ह," हेडली पाउंडर म्हणायचा. "नाव तेवढं लागायचं राहिलंय."

हेडली म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला गडी. पोट सुटलेलं. त्याचं नाव मात्र फळ्यावर तिसऱ्या ओळीत, तरुणपणीचं. शर्यत सुटताना प्रत्येकाची सीट मागून धरून उभं राहण्याचं काम तो करायचा, आणि धरल्या धरल्या कानात काहीतरी खवचट बोलायचा.

ट्रेव्हरने मला आणलं ते या चाळीस सेकंदांसाठी. आणल्या दिवशी त्याने मला कापडाने पुसलं, बसवलं, आणि गॅरेजमध्ये सायकल स्टँडवर चढवून पहिली परीक्षा दिली. वीस मिनिटं, जीव जाईपर्यंत. मी आकडा सांगितला. त्याने तो खडूने गॅरेजच्या भिंतीवर लिहिला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितला, जसा रंगवलेली पाटी बघायचा.

मग आला हिवाळा. बाहेर बर्फाळ चिखल, आत ट्रेव्हर, मी, आणि दोन पट्ट्यांची विजेची शेगडी. महिन्यातून एकदा परीक्षा आणि एरवी रोज सराव. आकडा वाढू लागला. घामाने निथळत तो स्वयंपाकघरात जायचा आणि आम्हाला गॅरेजच्या उघड्या दारातून सगळं ऐकू यायचं.

"लॉर्ना, बारा वाढले."

"बारा काय?"

"वॉट."

"बरं झालं. त्यात किटली तापेल का?"

"किटलीला दोन हजारांच्या वर लागतात."

"मग बस तू. मीच ठेवते चहा."

लॉर्ना ही त्याची बायको. ग्रंथालयात काम करायची. रविवारी सभागृहात चहाच्या खिडकीत उभी राहून साऱ्या मंडळाला चहा आणि लिंबाचा केक द्यायची. किती वर्षं देते आहे ते कुणी कधी मोजलं नव्हतं, कारण ते मोजणारं यंत्र अजून निघायचं आहे.

आता जे घडत होतं ते नीट सांगते, कारण पुढचं सारं दुखणं यातूनच आलं. काही वर्षांपूर्वी ट्रेव्हर शिडीवरून पडला होता. न्हाव्याच्या दुकानापुढे, उजव्या गुडघ्यावर. गुडघा बरा झाला असं सगळे म्हणाले, तोही म्हणाला. पण तेव्हापासून शिडीवर उभं राहताना त्याचा भार डाव्या पायावर असायचा. उजवा नुसता सोबतीला. सायकलवरही तेच. आणि त्यात आले मी. डाव्या पायाने जरा दाबलं की पडद्यावरचा आकडा टुणकन उडी मारायचा. उजव्याने दाबलं तर पडदा ढिम्म. ट्रेव्हरने हे ठरवून केलं असं नाही. पण माणसाला जिथे शाबासकी मिळते तिकडे त्याचा जोर आपोआप वळतो. मास्तरांची पोरं असोत की पंचावन्न वर्षांचे पाट्या रंगवणारे असोत, सारखेच. डाव्या पायाने एक दिला की मी दोन सांगायची. असा व्यवहार कुणाला आवडणार नाही?

मला उजवीकडचं काही दिसत नव्हतं. आमच्या दोघींच्या मध्ये एक आस असतो, त्यातून तिचं फिरणं तेवढं जाणवायचं. ती माझ्यामागून येते आहे, हळूच, ओढल्यासारखी, एवढं कळायचं. मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा शांत.

वसंतात पहिली शर्यत झाली. खडूचे आकडे भिंतीवर चढत चढत छताकडे निघाले होते, त्यामुळे ट्रेव्हर खुशीत होता. सुटायच्या जागी, रस्त्याकडेला घडीच्या खुर्चीत, गुडघ्यावर घोंगडी घेऊन इनिड सोअर्बी बसली होती. ऐंशी ओलांडलेली, निवृत्त दाई. गावातले अर्धे सायकलवाले तिच्याच हातावर जन्मले होते आणि आता तिच्याच घड्याळावर धावत होते. तिची वेळ म्हणजे मंडळाची वेळ.

हेडलीने सीट धरली. "काय म्हणतोय तुझा हँडलवरचा डबा?"

"म्हणतोय, आज फळ्यावर जागा करून ठेवा."

"डब्याला पाय मारावे लागत नाहीत ना, म्हणून बोलतोय."

इनिडने पाच बोटं दाखवली, चार, तीन, आणि आम्ही सुटलो.

परत आलो तेव्हा इनिडच्या घड्याळात एक तास आणि अडतीस सेकंद झाले होते. सबंध हिवाळ्याची मिळकत, दोन सेकंद.

सभागृहात चहा घेताना ट्रेव्हर म्हणाला, हवा जड होती. तुम्हाला हसू येईल, पण त्या लोकांत ही अगदी मान्य सबब आहे. रविवारी त्या सभागृहात हवा जड असते, वारा दोन्ही बाजूंनी तोंडावर असतो, टायर मऊ असतं, न्याहारी उशिरा झालेली असते. सकाळी हळू गेलेला माणूस तिथे मला एकही भेटला नाही. भेटले ते सगळे नशिबाने अडवलेले. ट्रेव्हरने टोकदार शिरस्त्राण घेतलं. पायांवरचे केस काढले. अंगाला चिकटणारा पोशाख घेतला, आणि तो अंगातून उतरवायला लॉर्नाला बोलवावं लागायचं. सगळं बदललं. माझ्यावर मात्र त्याचा संशय गेला नाही. मी तर त्याला दर महिन्याला चांगली बातमी देत होते. चांगली बातमी देणाऱ्यावर कोण संशय घेतं?

उन्हाळा असाच गेला. दुसरा हिवाळा आला. खडूचा आकडा आणखी वाढला.

आणि मार्चमध्ये इनिडने सभागृहात चमच्याने कप वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "ऐकून घ्या. आपण ज्या गोल चौकातून वळून परत येतो ना, तिथे सप्टेंबरपासून सिग्नल बसतोय. सिग्नलच्या रस्त्यावर घड्याळाची शर्यत घेता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टचा शेवटचा रविवार हा आपल्या रस्त्याचा शेवटचा."

"आणि फळा?" कुणीतरी विचारलं.

"रस्ता संपला की फळाही संपला."

कुणी ट्रेव्हरकडे बघितलं नाही. सगळ्यांनी एकदम केक खायला घेतला, त्यावरूनच कळलं की सगळ्यांना त्याचंच आठवलं होतं.

मे महिन्यातल्या शर्यतीत माझा आकडा दोन वर्षांतला सगळ्यात मोठा होता. पडद्याकडे बघत बघत ट्रेव्हर आला आणि रेघ ओलांडल्यावर त्याने हवेत मूठ मारली. मग इनिडची वेळ कळली. एक तास आणि एकेचाळीस सेकंद. मी आले त्याच्याही आधीच्या वेळेहून एक सेकंद जास्त.

तो सायकल ढकलत तिच्या खुर्चीपाशी गेला. मी तिथेच होते, ऐकत होते.

"इनिडबाई, घड्याळ कधी तपासून घेतलंत?"

मागे उभा असलेला हेडली खोकला.

"जानेवारीत," इनिड म्हणाली. "का रे?"

"नाही, म्हणजे… माझा आकडा बघा. एवढा जोर लावला तर वेळ एकोणसाठ मिनिटांच्या आसपास यायला हवी. सगळी गणितं तसं सांगतात. मग एक तर रस्ता लांब झालाय, नाही तर…"

"नाही तर मी म्हातारी झालेय."

"मी तसं म्हणालो नाही."

"तू जन्मलास तेव्हाही माझ्याकडे घड्याळ होतं, राजा. तेव्हाही तू उशिराच आला होतास. त्याचा दोष तुझ्या आईनेसुद्धा घड्याळाला दिला नाही."

आजूबाजूचे हसले. ट्रेव्हर हसला नाही. त्या रविवारी तो चहा न घेताच घरी गेला. खिडकीत लॉर्नाने त्याचा कप भरून ठेवलेला होता, तो तसाच निवला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या सकाळची. पंधरा-वीस वर्षं पाऊस, थंडी न बघता रस्त्याकडेला बसलेल्या बाईच्या शब्दापेक्षा त्याने माझा शब्द मोठा मानला, आणि माझा शब्द अर्धाच मोजलेला होता.

उलगडा झाला तो एका विजारीमुळे. लॉर्नाच्या भाचीचं लग्न होतं. ट्रेव्हरने कपाटातला एकुलता एक सूट काढला. विजार चढवता चढवता तो अडला. मग एका पायावर उड्या मारत गॅरेजमध्ये आला. लॉर्ना तिथे कपडे वाळत घालत होती.

"ही आटलीय."

"सूट धुतलाच नाही तर आटेल कसा? बघू." तिने बघितलं. "उजवा पाय तर सैल आहे की. डावाच अडकलाय."

"म्हणजे शिंप्याने…"

"ट्रेव्हर, आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हीच विजार घालून तू माझ्याबरोबर नाचला होतास. उभा राहा सरळ." तिने शिवणाच्या डब्यातली फीत आणून दोन्ही मांड्यांना गुंडाळली. मग पुन्हा गुंडाळली. "दोन बोटांचा फरक आहे. हा पाय एका माणसाचा आणि हा दुसऱ्याचा."

"काहीतरीच."

"बरं, मग एक कर. सायकलवर बस आणि नुसत्या उजव्या पायाने चालवून दाखव."

"त्याने काय कळणार? मोजणी डावीकडे आहे. पडद्यावर शून्यच दिसेल."

"मला पडदा बघायचाच नाहीये," लॉर्ना म्हणाली. "मला तू बघायचायस."

तो अर्ध्या विजारीत चढला. डावा पाय स्टुलावर ठेवला आणि नुसत्या उजव्याने फिरवू लागला. मी मोकळी, रिकामी गरगरत होते. पडद्यावर शून्य. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच मला आसातून माझी बहीण नीट ऐकू आली. ती अडखळत होती. वर जाताना थांबायची, खाली येताना थरथरायची. मिनिटभरही झालं नसेल. ट्रेव्हरचा उजवा पाय पानासारखा कापायला लागला, त्याचा चेहरा पांढरा पडला आणि त्याने गुडघा दोन्ही हातांनी धरला.

"दुखतोय?" लॉर्नाने विचारलं.

"नाही."

"ट्रेव्हर."

"दुखतोय. पडल्यापासून दुखतोय."

मग पाय बदलला. डावा सहज फिरत राहिला, कितीतरी वेळ, आणि एकट्या डाव्याच्या कामावर पडदा दोन पायांचा आकडा दाखवत राहिला. भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांकडे बघत तो फिरवत होता. शेवटी लॉर्नानेच चाक हाताने थांबवलं.

"मला वाटलं होतं तू जोरदार होतोयस," ती म्हणाली. "तू वाकडा होत होतास."

गावच्या दवाखान्यात हाडा-सांध्यांचे व्यायाम शिकवणारी एक तरुण बाई होती. तिने गुडघा दाबून बघितला आणि म्हणाली, पाय सुधारेल, वर्ष लागेल. ट्रेव्हर म्हणाला, माझ्याकडे तीन महिने आहेत. "मग गुडघ्याशी बोलून घ्या," ती म्हणाली, "मी मध्ये पडत नाही." हे त्याने घरी येऊन लॉर्नाला सांगितलं तेव्हा ती हसली.

त्यानंतरचे तीन महिने मी बघितले ते स्टँडवरून, लांबून. ट्रेव्हर गॅरेजच्या पायरीवर उजव्या पायाने चढायचा, उतरायचा. खुर्चीतून एका पायावर उठायचा. सुरुवातीला लॉर्नाचा खांदा लागायचा. मग एक बोट. सायकलवर बसला की पडद्यावर काळी चिकटपट्टी लावायचा आणि जोर नुसता अंगाने ओळखायचा. मला काढलं नाही, पण माझ्याशी बोलणं बंद झालं. मला राग आला नाही. वाईट वाटलं. ज्या दोन हिवाळ्यांत मी त्याला खूश ठेवलं, तेच दोन हिवाळे या पायाला मिळाले असते तर? गुडघा दुखतोय हे त्याला ठाऊक होतं. माझा आकडा चांगला होता, म्हणून त्याने त्या दुखण्याकडे दुर्लक्ष केलं. दुखणं खरं बोलत होतं आणि मी गोड बोलत होते.

ऑगस्टचा शेवटचा रविवार उजाडला. धुकं होतं, वारा नव्हता. सबबीला जागाच नाही अशी सकाळ. सगळं मंडळ आलं होतं, ज्यांनी सायकल सोडून दहा वर्षं झाली तेसुद्धा. ट्रेव्हर सुटायच्या जागी आला आणि आधी इनिडच्या खुर्चीपाशी गेला.

"इनिडबाई, मे महिन्यात मी तुमच्या घड्याळाला बोललो."

"घड्याळाला कान नसतात."

"तुम्हाला आहेत."

"मला हल्ली कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "जा, रांगेत उभा राहा. तुझ्यापुढचा सुटतोय."

हेडलीने सीट धरली. त्या दिवशी तो कानात काही बोलला नाही. नुसती पकड नेहमीपेक्षा घट्ट होती.

त्या शर्यतीबद्दल मी काय सांगू? मी दोन वर्षं त्या रस्त्यावर फिरले होते, पण तो रस्ता मला त्या दिवशीच कळला. डावा पाय माझ्यावर पूर्वीसारखा आदळत नव्हता. हलका, गोल फिरत होता. आणि मी खाली गेले की पलीकडून माझी बहीण जोराने खाली यायची, मला वर उचलायची. आम्ही जुळ्या आहोत हे मला तेव्हा समजलं. गोल चौकापर्यंत ट्रेव्हरने पुढच्या दोघांना मागे टाकलं. चौकाच्या कडेला सिग्नलचे खांब आडवे टाकून ठेवले होते, त्यांच्या शेजारून आम्ही वळलो. परतीच्या वाटेवर तो श्वासाबरोबर काहीतरी पुटपुटत होता. मला वाटतं तो डावा-उजवा, डावा-उजवा म्हणत होता.

शेवटच्या तीन मैलांत उजवा पाय संपला. तीन महिन्यांचा पाय तो, किती पुरणार? आसातून मला तीच जुनी थरथर आली. ट्रेव्हर थांबला नाही. त्याने डाव्यावरही सगळं टाकलं नाही, तो मोह त्याने आवरला. पण वेग उतरला. रेघ ओलांडल्यावर तो कितीतरी पुढे जाऊन थांबला, आणि सायकलवरून उतरून गवतात बसला.

एक तास आणि सहा सेकंद.

सभागृहात इनिडने वेळा लिहायला घेतल्या तेव्हा ती ट्रेव्हरच्या नावापाशी जरा थांबली. हेडली तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. ट्रेव्हरने सायकल दारातच भिंतीला टेकवली होती, म्हणून मला सगळं दिसलं.

"इनिडबाई," हेडली म्हणाला, "सहा सेकंद म्हणजे एक शिंक. आज एखादी शिंक आली असेल तुम्हाला. शेवटचा दिवस आहे. वरचे अधिकारी काही इथे बघायला येत नाहीत."

इनिडने पेन वहीवर धरून ठेवलं आणि ट्रेव्हरकडे बघितलं. मंडळातल्या एकानेही नको म्हटलं नसतं. त्या एका शिंकेने इतकी वर्षं फळा रंगवणाऱ्याचं नाव फळ्यावर लागलं असतं.

"हेडली," ट्रेव्हर म्हणाला, "दोन वर्षं वाढवून सांगितलेला आकडा खाऊन माझं पोट बिघडलंय. आता नको. लिहा बाई, आहे ते."

इनिडने लिहिलं. मग पेन ठेवून ती म्हणाली, "गेल्या वर्षी हा पाय घेऊन आला असतास तर."

"हो," तो म्हणाला.

एवढंच. लॉर्नाने खिडकीतून त्याच्या हातात कप दिला, आणि या वेळी तो त्याने तिथेच उभा राहून संपवला.

त्या संध्याकाळी त्याने चिकटपट्टी काढून पडदा बघितला. मला भीती वाटत होती, कारण मला ठाऊक होतं तिथे काय आहे. आयुष्यातली त्याची सगळ्यात वेगवान शर्यत, आणि माझा आकडा दोन वर्षांतला सगळ्यात लहान. डावा पाय थोडं कमी करत होता, म्हणून मी दुप्पट कमी सांगितलं. उजव्याने केलेल्या कामाचा माझ्याकडे पुरावाच नव्हता. ट्रेव्हर बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ओल्या फडक्याने भिंतीवरचे खडूचे आकडे पुसले, आणि पान्याने मला सोडवलं.

ऑक्टोबरमध्ये मंडळाने त्याला फळा पुरा करायला सांगितला. त्याने शेवटच्या नावाखाली रस्त्याचं नाव आणि दोन सालं रंगवली, सुरू झाल्याचं आणि बंद झाल्याचं. हेडली शिडी धरायला गेला होता. तोच नंतर घरी येऊन लॉर्नाला सांगत होता, एवढी सुंदर अक्षरं ट्रेव्हने आजवर काढली नव्हती, आणि काम चालू असताना मला एकही खवचट वाक्य सुचलं नाही, माझीच तब्येत बरी नसावी.

आता त्या सायकलवर माझ्या जागी एक साधी दांडी आहे, मुकी, माझ्या बहिणीसारखी. रविवारी ट्रेव्हर आणि लॉर्ना सायकली काढून समुद्राकडे जातात. किती जोर लावतात, किती वेळात जातात, मला काही कळत नाही. परत आल्यावर तो गुडघ्यावर बर्फ ठेवून बसतो आणि दुखतंय तेव्हा दुखतंय म्हणतो. ते या खणात ऐकू येतं.

मित्रांनो, मोजणं वाईट नाही. मी जेवढं मोजलं तेवढं खरं होतं, दुप्पट केलं तिथे बिघडलं. तुमच्याही हाताला, खिशाला, मनगटाला माझी कुणी तरी भाचरं आता चिकटली असतील. ती गोड बातम्या देतील. त्यांचं ऐका, पण अंगातला जो भाग दुखतो आणि आकड्यात येत नाही, त्याची चौकशी आधी करा. घरातलं जे माणूस राबतं आणि कुठे लिहिलं जात नाही, त्याचीही करा. आणि माझ्यासारखी एखादी नवीन दांडी तुम्ही घरी आणलीत, तर खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद फेकू नका. ट्रेव्हरने तो वाचला असता, तर त्याला आणखी दोन हिवाळे मिळाले असते.